पाहुण्याचा उजेड

माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर एक छायाचित्र आहे. बारा बाय अठरा इंचांचं, उभं, साध्या काळ्या चौकटीतलं. तंजावरच्या एका स्नेह्यांनी ते काढलं आहे. घरात मराठी आणि बाजारात तमिळ असं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं त्यांचं घर. तिथली तमिळ मंडळी अशा घरातल्या माणसाला ‘रायर’ म्हणतात, म्हणून मीही त्यांना रायरच म्हणतो. चित्राच्या पाठीवर त्यांनी शिसपेन्सिलीनं लिहून ठेवलंय: ‘ओरत्तनाडु, मुक्तांबाळ छत्र. पाव सेकंद, एफ ८, आयएसओ २००. फ्लॅश अर्धा, डावीकडून, जिलेटीन लावून. मागचा पडदा.’

कवितेखाली वृत्ताचं नाव दिलेलं असावं, तशी ही टीप मला वाटते. वृत्त ओळखता आलं म्हणून कविता कळतेच असं नाही. पण यती कुठे पडतो हे ज्याच्या कानाला ठाऊक आहे, त्याला कवीनं श्वास कुठे घेतला ते ऐकू येतं. ही टीप हाताशी धरून मी हे चित्र अनेकदा वाचलंय, आणि दर वेळी ते थोडं अधिक उलगडलंय.

चित्रात काय आहे ते आधी सांगतो. खालच्या अर्ध्यात डावीकडे दगडी घोडा आहे: ताणलेली मान, पुढे आलेली छाती, फुगलेल्या नाकपुड्या. त्याच्यामागे छत्राची भिंत वर वर चढत जाते आणि अंधुक होत जाते. भिंतीच्या वर आकाश, दौतीतल्या शाईसारखं निळं, अजून काळं न पडलेलं. मधोमध दाराशी एक पिवळा बल्ब लागलेला आहे. उजवीकडे, घोड्याचं तोंड जिकडे आहे त्याच दिशेनं, पांढऱ्या शर्टातला एक मुलगा सायकलवरून चाललाय. त्याची पाठ तेवढी दिसते. शर्टाची चुणी न् चुणी स्पष्ट आहे, आणि त्या शर्टाच्या मागे हातभर लांबीचा पांढुरका, धुरकट माग हवेत राहिला आहे. बस, एवढंच.

आता जागा. तंजावरहून दक्षिणेला पट्टुक्कोट्टैच्या रस्त्यानं वीस-बावीस किलोमीटर गेलं, की भातखाचरांमधून ओरत्तनाडु येतं. या गावाचं एक नाव मुक्तांबाळपुरम असंही आहे. मुक्तांबाळ ही दुसऱ्या सरफोजीराजांची प्रेयसी. ती राणी नव्हती आणि तरुणपणीच वारली. तिच्या स्मरणार्थ राजांनी १८०२ च्या सुमारास इथे छत्र बांधलं. रामेश्वराच्या यात्रेकरूंसाठी तंजावरच्या भोसल्यांनी रस्तोरस्ती अशी छत्रं उभारली, आणि त्यांतल्या कित्येकांना घराण्यातल्या स्त्रियांची नावं दिली. नीडामंगलमचं यमुनांबाळ छत्र त्यांतलंच. तमिळमध्ये ‘सत्तिरम्’, आपल्याकडे ‘अन्नछत्र’, आणि दोन्हींच्या मुळाशी संस्कृतातलं ‘सत्र’. ओरत्तनाडुच्या छत्रात अन्नाबरोबर विद्येचीही सोय होती, आणि आजही या वास्तूचं नातं शाळेतल्या मुलांशी जोडलेलं आहे. छत्राच्या दर्शनी भागाला रथाचं रूप दिलंय. दगडात कोरलेले घोडे आणि हत्ती जणू सगळी वास्तू ओढून नेत आहेत. प्रिय माणसाच्या आठवणीसाठी थडगं बांधायच्या ऐवजी या राजानं चालता रथ बांधला, आणि त्यात भुकेल्यांना बसवलं.

रायरांच्या चित्रातला घोडा या रथाचा आहे.

फ्लॅश लावून काढलेल्या प्रत्येक छायाचित्रात खरं तर दोन चित्रं एकावर एक बसलेली असतात. एक चित्र त्या जागेच्या स्वतःच्या उजेडाचं: आकाशाचं, दिव्याचं, भिंतीवरून परतलेल्या संधिप्रकाशाचं. दुसरं आपण बरोबर नेलेल्या उजेडाचं. दोन्ही एकाच चौकटीत, एकाच वेळी उमटतात, पण दोघांची मापं निरनिराळ्या हातांत असतात. फ्लॅश पेटतो आणि विझतो तो सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास. शटर पाव सेकंद उघडं असलं, म्हणजे असे अडीचशे भाग मोकळे असले, तरी फ्लॅशला त्यांतला एखादाच पुरतो. म्हणून शटर किती वेळ उघडं ठेवायचं, यानं फ्लॅशचा उजेड वाढतही नाही आणि कमीही होत नाही. वाढतो किंवा घटतो तो फक्त जागेचा उजेड. फ्लॅशचा जोर ठरतो ॲपर्चरवर, आयएसओवर, फ्लॅशच्या स्वतःच्या ताकदीवर आणि तो किती लांब उभा केलाय यावर. थोडक्यात, शटर यजमानाच्या उजेडाचं माप धरतं आणि फ्लॅशची ताकद पाहुण्याच्या. ॲपर्चर आणि आयएसओ या दोघांच्या सामाईक खिडक्या. त्या उघडल्या तर दोघेही आत येतात, मिटल्या तर दोघेही अडतात.

एवढं कळलं की पाठीवरची टीप बोलू लागते.

‘पाव सेकंद.’ सूर्य मावळून वीसेक मिनिटं झाली असावीत. कॅमेऱ्याच्या मीटरनं त्या वेळी एफ ८ आणि आयएसओ २०० ला अर्धा सेकंद मागितला असणार. मीटरचा स्वभावच तसा: समोर काहीही असो, त्याला ते मधल्या राखाडीवर आणायचं असतं. त्याचं ऐकलं असतं तर संध्याकाळची दुपार झाली असती. रायरांनी मीटरला निम्मंच दिलं, एक स्टॉप कमी. म्हणून आकाश शाईचं राहिलं, भिंत वर जाता जाता विरली आणि दिवेलागण ही दिवेलागणच राहिली. त्याउलट शटर एक साठांश सेकंदावर नेलं असतं, तर हे आकाश आणखी चार स्टॉप खाली गेलं असतं. मग काळ्या पाटीवर चिकटवल्यासारखा एक उजळ घोडा तेवढा उरला असता. छत्र गेलं असतं, वेळ गेली असती, गाव गेलं असतं.

असे काळ्या पाटीवरचे फोटो आपल्या सगळ्यांच्या घरी आहेत. सत्तर-ऐंशीच्या दशकातले लग्नाचे अल्बम उघडून पाहा. अंतरपाट दूर होतानाचा तो क्षण: नवरानवरीच्या मुंडावळ्यांचे मोती मोजता येतात, हारातली निशिगंधाची फुलं मोजता येतात, आणि त्यांच्या पाठीमागे गच्च काळोख. खरं तर त्या काळोखात मांडव होता, रोषणाई होती, अक्षता घेऊन उभी असलेली चारशे माणसं होती. माझ्या आईवडिलांच्या लग्नातली माझी आजी त्याच काळोखात कुठेतरी उभी आहे. तो फोटो काढणाऱ्याला मी दोष देत नाही. शंभर एएसएचा रोल, हातात धरलेला कॅमेरा, एका क्षणाला एकच फ्रेम. त्यानं एक साठांश आणि एफ ८ वर भरवसा ठेवला आणि चेहरे हमखास पदरात पाडले. त्याचं काम चेहऱ्यांचं होतं. पण रायरांचं चित्र पाहताना मला त्या अल्बमांतल्या हरवलेल्या मांडवाची आठवण होते, आणि मग पाव सेकंदाचं मोल उमगतं.

पुढे ‘फ्लॅश अर्धा’. यामागे चौथीतल्या मुलालाही जमेल असा हिशेब आहे. रायरांच्या फ्लॅशचा गाइड नंबर ४०, म्हणजे आयएसओ १०० ला पूर्ण ताकदीनं मारला, तर अंतर आणि एफ यांचा गुणाकार ४० यावा. ताकद निम्मी केली की ४० चे २८ होतात. आयएसओ २०० ला २८ पुन्हा ४० वर येतात. त्याला ८ नं भागलं की ५ मीटर. जिलेटीन थोडा उजेड खातं, म्हणून अंतर साडेचारच्या आसपास. घोड्यापासून साडेचार मीटरवर, डाव्या अंगाला, एका काठीवर त्यांनी फ्लॅश उभा केला. आजचे फ्लॅश हे सगळं स्वतः करतात. आधी एक छोटी चमक मारून ती लेन्समधून परत येताना मोजतात आणि ताकद ठरवतात. धावपळीच्या समारंभात ही सोय मोलाची आहे. पण इथे एका बाजूला काळवंडलेला दगड, दुसऱ्या बाजूला पांढराशुभ्र शर्ट. दगड पाहून यंत्र जास्त उजेड देईल, शर्ट पाहून कमी. मोजण्याचं काम यंत्राचं, ठरवण्याचं आपलं, असं रायर म्हणतात, आणि ताकद हातानंच लावतात.

त्या ठरवण्यातली नजर घोड्याच्या मानेवर दिसते. फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावरून, समोरून मारला असता तर सावल्या दगडाच्या पाठीमागे लपल्या असत्या आणि घोडा पत्र्यातून कापल्यासारखा सपाट दिसला असता. उजेड डावीकडून आल्यामुळे मानेच्या प्रत्येक स्नायूला एक उजळ कड आणि एक काळी कड मिळाली आहे. आयाळीच्या कोरीव रेघांत सावली साठली आहे. नाकपुडीच्या खोबणीत काळोख आहे, आणि तो काळोख आहे म्हणूनच घोडा श्वास घेतोय असं वाटतं. छिन्नीनं दोनशे वर्षांपूर्वी जे केलं, ते आडव्या उजेडानं त्या संध्याकाळी पुन्हा एकदा केलं.

आडव्या उजेडाचं हे मर्म आपल्या मराठी मनाला तंजावरातच आणखी एका ठिकाणी भेटतं. बृहदीश्वराच्या देवळात भिंतीच्या दगडांवर सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसल्यांच्या कुळाचा इतिहास मराठीत, देवनागरीत कोरवून घेतला. भोसले वंशचरित्र म्हणून तो लेख ओळखला जातो. भर दुपारी त्या भिंतीसमोर उभं राहिलं तर ओळी डोळ्यांसमोर असूनही वाचता येत नाहीत. आकाशाचा उजेड चहूकडून येतो आणि अक्षरांच्या खाचा भरून टाकतो. इथे रायर ओरत्तनाडुच्या नेमकं उलट करतात. परवानगी काढून, फ्लॅश भिंतीलगत अगदी बाजूला धरून, दोनेक मीटरवरून भिंतीला घासत जाईल असा उजेड टाकतात. शटर दोनशेवर, म्हणजे सेकंदाच्या दोनशेव्या भागावर, एफ ११, आयएसओ १००. आता जागेचा उजेड दोन-अडीच स्टॉप खाली दबतो, फ्लॅशचा वर येतो, आणि प्रत्येक अक्षराच्या काठाशी सावलीची रेघ उमटते. काना, मात्रा, वेलांटी दगडातून वर येतात. तमिळ देशाच्या मध्यावर आपली अक्षरं अशी उठून उभी राहताना पाहिली, की अंगावर काटा येतो.

शटर दोनशेवरच का थांबवायचं, तेही सांगायला हवं. कॅमेऱ्यात दोन पडदे असतात. पहिला सरकतो आणि खिडकी उघडते, दुसरा सरकतो आणि ती मिटते. साधारण दोनशे किंवा अडीचशेपर्यंत एक क्षण असा येतो, की सगळी खिडकी पूर्ण उघडी असते. फ्लॅश त्या क्षणी पेटला तर सगळ्या चौकटीला उजेड मिळतो. याहून वेगानं गेलं, तर पहिला पडदा टोकाला पोचायच्या आतच दुसरा निघालेला असतो. उघडी राहते ती नुसती एक फट, आणि चित्राच्या एका कडेला काळा पट्टा येतो. फ्लॅश अतिवेगानं लुकलुकवून या मर्यादेपलीकडे जाता येतं, पण मग त्याचा जोर बराच खर्ची पडतो.

आणि याच पडद्यांमुळे टिपेतले शेवटचे दोन शब्द कळतात: ‘मागचा पडदा.’

सायकलवरच्या मुलाकडे पुन्हा पाहू. पाव सेकंदात तो जेमतेम दोन-अडीच हात पुढे गेला असेल. तेवढ्या वेळात संधिप्रकाशानं त्याच्या पांढऱ्या शर्टाचा माग फिल्मवर ओढावा तसा सेन्सरवर ओढला. फ्लॅशनं त्याला एका ठिकाणी, एका हजारांश सेकंदात लख्ख टिपलं. प्रश्न एवढाच, की फ्लॅश त्या पाव सेकंदाच्या सुरुवातीला पेटवायचा की शेवटी. बहुतेक कॅमेरे तो पहिला पडदा उघडताक्षणी पेटवतात. तसं केलं असतं तर मुलगा आधी टिपला गेला असता आणि त्याचा माग त्याच्या पुढे उमटला असता, जणू तो आपल्याच धुक्यात मागे मागे चाललाय. रायरांनी फ्लॅश दुसरा पडदा मिटण्याच्या अगदी आधी पेटवला. म्हणून माग त्याच्या मागे राहिला, आणि तो पुढे निघाला. पाव सेकंदाच्या दोन टोकांमधली ही निवड. तेवढ्यावर त्या मुलाचं जाणं किंवा परतणं ठरलं.

हजारांश सेकंदाच्या पोटात काय काय दडलेलं असतं, ते जगाला दाखवलं अमेरिकेतल्या एमआयटीच्या हॅरॉल्ड एजर्टन यांनी. त्यांचं दुधाच्या थेंबाचं १९५७ मधलं रंगीत छायाचित्र प्रसिद्ध आहे. थेंब पडतो आणि दुधाचा मुकुट उभा राहतो. ते चित्र विलक्षण आहे, पण त्यात क्षण सभोवतीच्या काळापासून पूर्ण सुटा झालेला आहे. रायरांच्या चित्रात क्षण आणि काळ एकाच शर्टावर शिवलेले आहेत. चुण्या क्षणाच्या, माग काळाचा. आणि या मुलाशेजारी तो घोडा. चित्र पुष्कळ वेळा पाहिल्यावर माझ्या लक्षात आलं, की एकाच उजेडानं दोघांना उलट वागणूक दिली आहे. चालणाऱ्या मुलाला त्यानं थांबवलं, आणि दोन शतकं थांबलेल्या घोड्याला आडव्या सावल्या देऊन चालतं केलं. दोघांची तोंडं एकाच दिशेला आहेत. घोड्याच्या ताणलेल्या मानेतून निघालेली गती मुलाच्या मागे राहिलेल्या धुरकट रेघेत जाऊन पोचते. रथ ओढायचं काम आता सायकलवाल्याकडे आलं आहे, असं मला वाटतं. अन्नाचं छत्र विद्येच्या मुलांकडे कसं आलं, ती सगळी गोष्ट त्या रेघेत आहे.

मुलावर पडलेला उजेड घोड्यावरच्या उजेडाहून मंद आहे. तो फ्लॅशपासून सहाएक मीटरवर होता, आणि उजेड अंतराच्या वर्गानं ओसरतो. साडेचार मीटरवर जेवढा उजेड, त्याच्या जवळपास निम्मा सहा मीटरवर. शर्ट पांढरा असल्यामुळे तो निम्मा उजेडही पुरला. हाच नियम चित्राच्या एका उणिवेलाही कारण झालाय. खाली डाव्या कोपऱ्यात जोत्याचा एक दगड फ्लॅशपासून सव्वातीन मीटरवर असावा. त्याच्यावर घोड्याच्या दुप्पट उजेड पडलाय, आणि तो दगड डोळ्याला बोचतो. फ्लॅशचं तोंड वीतभर वर उचललं असतं, तर उजेडाची नुसती कड त्या दगडाला लागली असती. रायरांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘तो दगड मलाही रोज दिसतो. म्हणूनच तुम्हाला दिलंय ते चित्र, माझ्या भिंतीवर नाही लावलं.’ माझ्या लेखी ती उणीव मोठी नाही. उजेड कुठून आला याची खूण तेवढ्या एका दगडावर उरली आहे.

आता जिलेटीन. नाटकाच्या प्रकाशयोजनेत दिव्यापुढे रंगीत जिलेटीन लावतात, तसंच हे, पण नखाएवढं आणि फिकट केशरी. फ्लॅशचा उजेड दुपारच्या उन्हाच्या रंगाचा असतो, साधारण साडेपाच हजार केल्विन. दाराशी लागलेला पिवळा बल्ब तीन हजारांच्याही खाली. दोन्ही एका चित्रात आले तर फ्लॅश परका वाटतो, घरच्या जेवणात कुणी बाहेरचं लोणचं वाढावं तसा. केशरी जिलेटीन लावल्यामुळे दगडावरचा उजेड बल्बच्या भाषेत बोलू लागला आहे. तो बल्बच जरा पुढे सरकून घोड्याच्या अंगावर पडलाय, असं पाहणाऱ्याला वाटतं. चित्रात फ्लॅश वापरलाय हे मी कितीतरी जणांना पाठ उलटून दाखवलं, तेव्हाच त्यांना कळलं.

काव्यशास्त्रकार क्षेमेंद्रानं अकराव्या शतकात काश्मीरमध्ये बसून सांगितलं, की औचित्य हा रसाचा प्राण आहे. त्याच शतकाच्या आरंभी, १०१० मध्ये, तंजावरात राजराज चोळाचं हेच बृहदीश्वराचं देऊळ पुरं झालं. या देवळाच्या गर्भगृहाभोवतीच्या अंधाऱ्या प्रदक्षिणामार्गात, नायकांच्या काळातल्या चित्रांच्या थराखाली, चोळकालीन भित्तिचित्रं दडलेली होती. १९३१ मध्ये एस. के. गोविंदस्वामी यांना ती सापडली. प्रकाशानं रंगांची होणारी झीज साठत जाते, भरून येत नाही. तिथे फ्लॅश पिशवीतच राहायला हवा, आणि रायरांचा राहतो. उजेड कुठे न्यायचा नाही, हे कळणं हासुद्धा एक्स्पोजरचाच भाग आहे, असं ते मानतात. क्षेमेंद्राला हे पटलं असतं.

फ्लॅशच्या जन्मापासून हा औचित्याचा प्रश्न त्याच्या पाठीशी आहे. १८८७ मध्ये जर्मनीत आडोल्फ मीटे आणि योहानेस गेडिके यांनी मॅग्नेशियमची भुकटी मिसळून पेटणारी पूड तयार केली. ही बातमी वाचून न्यूयॉर्कचा पत्रकार जेकब रीस ती पूड घेऊन गरिबांच्या वस्तीत रात्री शिरला. पाच-पाच सेंट देऊन दाटीवाटीनं झोपलेल्या माणसांच्या खोलीत त्यानं भडका उडवला आणि कॅमेऱ्यानं ते टिपलं. १८९० मध्ये त्याचं पुस्तक आलं, आणि त्या चित्रांमुळे त्या घरांची अवस्था शहराला पाहावी लागली. सुधारणेला बळ मिळालं. रीसच्या हेतूबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण त्या चित्रांतले झोपेतून दचकलेले डोळे मला विसरता येत नाहीत. तो उजेड त्यांच्या बाजूनं बोलला, पण त्यांना न विचारता दारातून घुसला.

ओरत्तनाडुचं चित्र मला एवढं जवळचं का वाटतं, याचं उत्तर मला इथे मिळालं. छत्रात शिरणारा प्रत्येक जण पाहुणा असतो, कॅमेरेवालाही. त्यानं आपली शिदोरी आणली तर हरकत नाही, पण ती उघडून यजमानाचं ताट झाकायचं नाही. रायरांनी दाराशी लागलेला बल्ब विझू दिला नाही, आकाश काळं पडू दिलं नाही. आधी त्या जागेच्या उजेडाचं पान वाढलं, आणि मग आपल्या फ्लॅशचा घास त्यात मिसळला, तोही निम्म्या ताकदीनं, बाजूनं, त्या बल्बच्याच रंगात.

सरफोजीराजांचं एक पत्र इतिहासाच्या अभ्यासकांना चांगलं ठाऊक आहे. १७९९ च्या तहानं राज्य कंपनीकडे गेलं होतं, राजांच्या हाती किल्ला आणि थोडा परिसर उरला होता. छत्रांचा कारभार तरी आपल्याकडे राहावा म्हणून १८०१ मध्ये त्यांनी रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना लिहिलं, आणि छत्रांत काय चालतं याची हकीकत दिली. ब्राह्मणापासून पारियापर्यंत सगळ्या जातींच्या, सगळ्या देशांच्या वाटसरूंना तिथे शिजवलेला भात मिळे. शिजवलेलं चालत नसेल त्याला शिधा. आजाऱ्याला वैद्य, पोरक्या मुलांना पंतोजी आणि तीन वेळचं जेवण, तान्ह्यांना दूध. आणि अन्नदान मध्यरात्रीपर्यंत चाले. मध्यरात्री घंटा वाजवून पुकारा होई, की कुणी उपाशी राहिला असेल त्यानं यावं, भात तयार आहे.

ती घंटा वाचल्यापासून पाव सेकंदाकडे मी वेगळ्या नजरेनं पाहतो. भरदार उजेड कॅमेऱ्यात कधीही, केव्हाही शिरू शकतो. त्याला हजारांश सेकंद पुरतो. मंद उजेड हळू येतो: आकाशाच्या कडेला उरलेला, भिंतीवरून थकून परतलेला, दाराशी लागलेल्या पिवळ्या बल्बचा. त्याच्यासाठी दार जरा जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं. रायरांनी ते ठेवलं. शेवटचा मिणमिणता उजेड आत आला, भिंत आली, आकाश आलं, चालत्या मुलाचा माग आला. मग मागचा पडदा मिटण्याआधी त्यांनी आपला दिवा लावला, सगळे आलेत ना ते एकदा पाहिलं, आणि दार लावलं.